डावखुरा बोकड

पुढारी मी पुष्कळ पाहिले. नोकरी शिक्षकाची, त्यामुळे दर निवडणुकीत मतपेटीजवळ दिवसभर बसण्याचं भाग्य सरकारनं न मागता दिलं. पण पुढारी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो माणूस नसतो, बोकड असतो. डोक्यावर टोपी, हनुवटीला दाढी, मागच्या दोन पायांवर चालणारा आणि पुढच्या दोन पायांचा हातांसारखा वापर करणारा. सरकारी प्रसिद्धी खात्याच्या एका कार्टून सिनेमात मी त्याला पाहिला, तोही एकदाच, पंधरावीस मिनिटं. त्या बोकडानं आमच्या गावात काय घडवून आणलं हे खात्याला कळलं असतं, तर ती फीत त्यांनी पुन्हा डब्यातून बाहेर काढली नसती.

बहात्तरच्या दुष्काळातला तो उन्हाळा. जालना तेव्हा जिल्हा झाला नव्हता आणि आमचं गाव वाटूर फाट्यापासून दोन कोस आत. मी तेवीस वर्षांचा, गावच्याच शाळेत नवा नवा गुरुजी, आमच्या वस्तीतला पहिला नोकरदार. वस्ती बौद्धांची. छप्पन साली सगळ्यांनी धर्म बदलला होता, पण ही बातमी गावच्या विहिरीपर्यंत पोचली नव्हती. आमच्या बाया कठड्यापासून चार हात लांब घागरी मांडून उभ्या राहत. गावातल्या एखाद्या बाईची मर्जी झाली तर ती वरून ओतायची. दुष्काळात पाणी आटलं आणि मर्जी त्याच्याआधी आटली. माझी माय नदीच्या वाळूत झिरा उकरायची आणि वाटी वाटीनं घागर भरायची. एका घागरीला तासभर लागायचा. परत आली की तिच्या नखांतली वाळू भाकरीत यायची, आणि मी गुरुजी असूनही ती गुपचूप खायचो.

त्या वर्षी गावोगाव बोअरची मशीन फिरत होती. नियम सोपा होता. एका गावाला पाण्याचं एक बोअर. पहिलं भोक कोरडं गेलं तर त्याच गावात दुसरी जागा बघायची. पहिल्यालाच पाणी लागलं तर मशीन पुढच्या गावाला. जागा कुठली धरायची हे सरपंचाच्या सहीवर. आता हा सरपंच कसा होता ते सांगणं कठीण आहे. शाळेला पत्रे त्यानंच आणले, हे खरं. त्यातले आठ पत्रे त्याच्या गोठ्यावर गेले, हेही खरं. माझी नेमणूक गावातच व्हावी म्हणून तो स्वतः दोनदा तालुक्याला गेला. वस्तीत येऊन म्हणाला, "मी आणलं गुरुजीला." गावात जाऊन म्हणाला, "वरून आर्डर आली, मी काय करू?" पोटात एक आणि ओठात एक असलेली माणसं मी पाहिली आहेत. ह्याच्या ओठांतच दोन होते आणि दोन्ही गोड होते.

बोअरचंही तसंच. आमच्या वस्तीत निळ्या झेंड्याचा ओटा आहे. त्या ओट्यावर उभं राहून त्यानं शब्द दिला की मशीन आली की पहिलं भोक वस्तीत. त्याच आठवड्यात मारुतीच्या गल्लीतही शब्द दिला की पहिलं भोक तिथं. मग जीप घेऊन पाणी बघणारा साहेब आला. त्याच्याजवळ एक पेटी, तारांची भेंडोळी आणि लोखंडी खुंट्या. तार धरायला आणि खुंट्या ठोकायला वस्तीतल्या चार बाया एका दिवसाच्या मजुरीवर घेतल्या, त्यात माझी माय होती. सरपंचानं दाखवलेल्या दोन जागांवर साहेबानं चुन्याच्या फुल्या मारल्या. एक मारुतीच्या देवळामागं आणि एक आमच्या झेंड्याच्या ओट्याजवळ, जुन्या पेवाच्या कडेला. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर. बलुत्याच्या काळातलं ते पेव केव्हाच बुजवलेलं होतं. मी त्या दिवशी शाळेत होतो. संध्याकाळी मायला विचारलं, "साहेब काय म्हणला?" ती म्हणाली, "त्याच्या पेटीत काटा व्हता, तो हालत व्हता." एवढंच.

मशीन आठ दिवसांत येणार अशी वार्ता होती, त्याच्या मध्येच प्रसिद्धी खात्याची गाडी आली.

सिनेमाची गाडी वर्षातून एकदा यायची. चावडीचा खांब आणि लिंबाचं झाड यांच्यात पांढरा पडदा ताणायचे. पडद्याच्या पुढं गाव बसायचं, पडद्याच्या मागं आमची वस्ती. असा कुणी कायदा केलेला नव्हता आणि कुणी मोडलाही नव्हता. पातळ कापडातून चित्र मागंही दिसतं, थोडं फिकट आणि उलटं. मी लहानपणापासून सगळे सिनेमे मागूनच पाहिलेले. त्यामुळे बारा वर्षांचा होईपर्यंत माझी पक्की समजूत होती की सिनेमातले सगळे लोक डावखुरे असतात. नायक डाव्या हातानं तलवार चालवतो, देव डाव्या हातानं आशीर्वाद देतो, शेठजी डाव्या हातानं जेवतो. एकदा मीही मोठा माणूस होण्यासाठी डाव्या हातानं जेवायला बसलो. मायनं माझ्या हातावर असा फटका दिला की भाकरीचा तुकडा चुलीत जाऊन पडला. कारण तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढं परतूरला शिकायला गेल्यावर तंबूतल्या सिनेमात मी पहिल्यांदा पुढून पाहिलं. तेव्हा सगळं जग एकदम उजव्या हाताचं झालं, आणि मला वाटलं हे गुपित वस्तीत फक्त मलाच माहीत आहे.

त्या संध्याकाळी अंधार पडला तसा मी सवयीनं पडद्यामागं मायजवळ जाऊन बसलो होतो. गाडीवाल्या ऑपरेटरनं भोंग्यावरून विचारलं, गावात गुरुजी कोण आहेत? फिल्म हिंदीत होती आणि खात्याचं परिपत्रक असं की फिल्म हिंदीत असल्यास स्थानिक शिक्षकानं ती लोकांना मराठीत समजावून सांगावी. ग्रामीण जनतेला हिंदी कळत नाही असं खात्याला मुंबईत बसून कळलेलं होतं. सरपंच स्वतः मागं आला. "गुरुजी, तुम्ही इथं काय करून राह्यले? चला पुढं." मी मायकडं पाहिलं. ती म्हणाली, "जा बाबा, तुझं कामच हाय." सरपंचानं आपल्या शेजारी खुर्ची मांडायला लावली. लोखंडी, हातांची खुर्ची. वस्तीतला माणूस चावडीपुढं खुर्चीवर बसला असं ते पहिल्यांदाच होत होतं. खोटं कशाला बोलू, मला ती खुर्ची आवडली.

सिनेमा सुरू झाला. मी माईक तोंडाशी धरला आणि घसा साफ करून म्हणालो, "हा बोकड आहे."

"ते दिसूनच राह्यलं, गुरुजी!" अंधारातून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

गोष्ट अशी होती. जंगलातला ओढा आटलेला. वर डोंगरात एक झरा, पण त्याच्या तोंडावर मोठा धोंडा आणि धोंड्यावर बिबट्या. जनावरांनी बोकडाला पुढारी केलेलं, कारण बोलण्यात त्याचा हात कुणी धरणारा नव्हता. बोकड बिबट्याकडं गेला आणि म्हणाला, महाराज, तुमच्या झऱ्याकडं मी कुणाला फिरकू देणार नाही. मग हरणांकडं गेला आणि म्हणाला, पाणी आधी तुम्हाला. तिथून निघाला तो सगळ्यात खाली, ओढ्याच्या टोकाला राहणाऱ्या सशांकडं आला. टोपी नीट केली, दाढी कुरवाळली.

इथपर्यंत येता येता पुढचा सगळा जमाव सरपंचाकडं बघून फिदीफिदी हसायला लागला होता. सरपंच सगळ्यांत मोठ्यानं हसत होता. "हुबेहूब!" असं म्हणून त्यानं मांडीवर थापही मारली. ज्याला स्वतःवर हसता येतं त्याचं लोक काही वाकडं करू शकत नाहीत, हे मी त्याच्या शेजारी बसून शिकलो.

बोकडानं सशांपुढं उजवा पाय वर केला आणि शपथ घेतली, पाणी आधी तुम्हालाच.

तेवढ्यात पडद्यामागून एका बाईचा आवाज आला, "डावा हाय!" मग दुसरा, "डावा हात वर केलाय रे, डावा!" आणि सगळी वस्ती हसली. साधी नाही, पोट धरून. पुढचे लोक बावचळले. त्यांना कळेना की बोकड एवढा गंभीर होऊन शपथ घेतो आहे त्यात हसण्यासारखं काय आहे. सरपंच माझ्याकडं झुकला. "काय झालं हो तिकडं?"

मला ज्ञान पाजळायची हौस. मी माईकवर हात ठेवून त्याला समजावलं की मागून सगळं उलटं दिसतं. आपल्याला उजवा दिसतो तो त्यांना डावा दिसला. डाव्या हाताची शपथ म्हणजे खोटी शपथ, म्हणून ते हसले.

"म्हंजे हिकडून बघणाराला बोकड सच्चा, अन् तिकडून बघणाराला लुच्चा?"

"बरोबर."

त्यानं मान डोलवली. मग मायेनं म्हणाला, "अडाणी हायती बिचारे." आणि मी हसलो. माझी माय पडद्याच्या पलीकडं दहा हातांवर बसलेली असताना मी हसलो. ते हसू अजून माझ्या तोंडात कडू लागतं.

पुढं सिनेमात बोकडानं बिबट्याचा सत्कार ठेवला. हार, भाषणं, पुन्हा हार. भाषणं ऐकता ऐकता बिबट्या झोपी गेला आणि जनावरांनी धोंडा ढकलला. पाणी खाली आलं, हरणांना मिळालं, सशांनाही मिळालं. फक्त वाटेत ओढ्याला एक छोटा पाट फुटला होता, तो बोकडाच्या अंगणात जात होता. शेवटी बोकड गळ्यात हार घालून सरळ आमच्याकडं बघतो, एक डोळा मिटतो आणि समाप्त. निकाल काही नाही. खात्याला यातून लोकांना नेमकं काय शिकवायचं होतं ते ऑपरेटरलाही सांगता येईना. तो म्हणाला, कुटुंब नियोजनाची फिल्म उद्या आहे, ती सोपी आहे.

"गुरुजी, बोकड चांगला का वाईट, ते सांगून टाका की माईकवर," सरपंच म्हणाला. सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत होतं. सरपंचाच्या खुर्चीला माझी खुर्ची चिकटलेली. मी म्हणालो, "बोकड कामाचा होता." सरपंचानं माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची घंटा होते ना होते तोच सरपंचाचा माणूस धावत आला. मायनं दहाबारा बाया घेऊन सरपंचाच्या दारात ठाण मांडलं होतं. मी पोचलो तेव्हा सरपंच ओसरीवर दातण धरून उभा होता. "बरं झालं आले. तुमच्या मायला समजावा जरा."

माय अंगणात उभी होती, डोक्यावरचा पदर नीट, आवाज खाली. "सरपंच, रात्री त्या बोकडानं डावा हात वर केला, तवा आमाला याद आली. झेंड्यापाशी तुमी शब्द देल्ता, तवा तुमच्या उजव्या हातात छत्री व्हती. तुमी डावा वर केल्ता."

"आता छत्री व्हती का काठी, कोणाला याद हाय?"

"आमाला हाय. डाव्या हाताचा शब्द आमी धरत न्हाई. उजव्यानं द्या."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाण्याचा एवढा मोठा प्रश्न, आणि माझी माय एका बोकडाच्या खुरावरून सरपंचाशी वाद घालत होती. मी पुढं झालो. दोरीवर सरपंचाचं धोतर वाळत होतं, त्याच्यावर कोवळं ऊन पडलेलं. मी धोतराच्या उन्हाकडच्या बाजूला गेलो, बायांना दुसऱ्या बाजूला उभं केलं आणि कापडाकडं पाठ करून माझा उजवा हात वर धरला. "हे बघा. ही माझी सावली. कोणता हात दिसतो? मी इकडून उजवा दाखवतोय, पण तुमच्याकडं तोंड करून कोणी उभा आहे असं समजलात तर तो डावा वाटणार. बोकडाचं तसंच झालं." मी दोनदा करून दाखवलं. बाया माना डोलवत होत्या. एक म्हणाली, "अस्सं व्हय!" दुसरी म्हणाली, "शिकल्याला माणूस, बिलकुल खरं सांगतोय." शाळेतल्या पोरांनीही माझं शिकवणं कधी इतक्या आदरानं ऐकलं नव्हतं.

माझं झाल्यावर माय म्हणाली, "गुरुजीचं बराबर असंल. पन आमाला डावाच दिसला."

मी कपाळाला हात लावला. सरपंच मात्र हसला नाही. तो दातण चावत चुन्याच्या फुलीचा विचार करत असावा, कारण त्यानं एकदा देवळाकडं पाहिलं आणि एकदा वस्तीकडं. मग त्याचा चेहरा हळूहळू उजळला. त्यानं चूळ भरली, टोपी घातली आणि म्हणाला, "चला. उजव्या हातानं देतो. सगळ्या गावापुढं देतो."

झेंड्याच्या ओट्यापाशी गर्दी जमली. मारुतीच्या गल्लीतली माणसंही आली. ती चिडतील, आरडाओरडा करतील असं मला वाटलं होतं. पण सरपंच वाटेत त्यांच्या कानाला लागला आणि ती गप्प उभी राहिली. का राहिली, हा विचार माझ्या मनात आला नाही. सरपंचानं उजवा हात वर केला. "मशीन आली की पहिलं भोक हितं. ह्याच फुलीवर." बायांनी त्याच्या दोन्ही हातांकडं नीट बघून घेतलं. मग मायनं झिऱ्याच्या पाण्यानं भरलेला तांब्या पुढं केला. "पाण्याचा शब्द हाय. पानी पिऊन पक्का करा."

आमच्या वस्तीचं पाणी गावातल्या कुणी प्यायल्याचं मी पाहिलं नव्हतं. मी सरपंचाच्या मागं उभा होतो. त्यानं उजव्या हातानं तांब्या घेतला, मान वर केली. त्याच्या कोपरावरून पाणी ओघळताना मला दिसलं. पाठमोरा असल्यामुळे पुढं काय झालं ते दिसलं नाही. बाया पुढं होत्या. कुणी काही बोललं नाही आणि लोक पांगले.

चौथ्या दिवशी मशीन आली. सकाळपासून दुपारपर्यंत ती फुफाटा उडवत राहिली. काळ्या दगडाची भुकटी येत होती, कोरडी ठणठणीत. माय त्या बुजवलेल्या पेवाच्या कडेला उकिडवी बसून होती. तिला मी दोनदा म्हणालो की सावलीत बस. ती हलली नाही. तिकडं मारुतीच्या गल्लीतले लोक देवळामागची विटांची रास उचलून मशीनला वाट करायला लागले होते. सरपंच सावलीत पान खात बसला होता, अगदी निवांत. माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. हे भोक कोरडं गेलं असतं तर माय म्हातारी होईपर्यंत वाळू उकरत राहिली असती.

शंभर फुटांच्या पुढं केव्हातरी भुकटीचा चिखल झाला. मग मशीनचा आवाज बदलला आणि गढूळ पाण्याचा फवारा झेंड्याच्या वर गेला. पोरं नाचायला लागली. मायनं पदर तोंडाला लावला आणि तशीच बसून राहिली, खांदे हलत होते. मी सरपंचाकडं पाहिलं. त्याच्या तोंडातलं पान एका गालात तसंच राहिलं होतं. एक क्षणभरच. दुसऱ्या क्षणी त्यानंच सगळ्यांच्या आधी टाळी वाजवली आणि ओरडला, "देल्ता का न्हाई शब्द?" त्याच्या गळ्यात हार पडला. हारानंतर तो आमच्याकडं बघून डोळा मिटतो की काय असं मला वाटलं, पण त्याच्या डोळ्यांत चिखल गेला होता.

मशीन नियमाप्रमाणे पुढच्या गावाला निघून गेली आणि बोअरवर हातपंप बसला. महिन्याभरात गावच्या विहिरीनं तळ दाखवला. मग मारुतीच्या गल्लीतल्या बाया डोक्यावर घागरी घेऊन वस्तीत यायला लागल्या. पंपाजवळ मायची शिस्त होती. जिची घागर आधी तिचा नंबर आधी, घागर पंपाखाली ठेवायची, लांब नाही. वरून ओतायचा प्रश्नच नव्हता. सरपंचाची बायकोसुद्धा यायची आणि ओळीत उभी राहायची.

पाचसहा वर्षं गेली. माझी बदली जालन्याला झाली. स्टेशनाजवळ नव्या जालन्यात खोली घेऊन राहत होतो आणि रविवारी गावी जात होतो. अशाच एका रविवारी वाटूर फाट्यावर बस चुकली आणि चहाच्या टपरीत सरपंच भेटला. आता तो सरपंच नव्हता, निवडणुकीत पडला होता. पडलेला पुढारी खरं बोलतो असं म्हणतात. निदान चहा तरी स्वतःच्या खर्चानं पाजतो. त्यानं दोन्ही केलं.

"गुरुजी, आता सांगायला काय हरकत हाय? त्या पाणीवाल्या साहेबानं मला आधीच सांगितल्तं. वस्तीत खाली काळा पत्थर, पाणी लागत न्हाई. देवळामागं बराबर लागतं. म्हनून तर मी बेफिकीर उजवा हात वर केला. पहिलं भोक वस्तीत कोरडं गेलं असतं, दुसरं मारुतीच्या गल्लीत. दोन्ही शब्द पक्के. गल्लीवाल्यांच्या कानात मी तेच सांगितल्तं." तो हसला. "पन पाणी लागलं की हो! माझी खेळी बिघडली, अन् नाव झालं चांगल्या कामाचं. त्याच नावावर एक निवडणूक जिंकलो."

मी कपातला उरलेला चहा संपवला. मग विचारलं, "आणि त्या दिवशी तांब्यातलं पाणी प्यायलात?"

"तुम्ही कुठं उभे व्हते?"

"तुमच्या मागं."

"मंग राहू द्या," तो म्हणाला आणि त्याची बस आली.

घरी पोचलो तेव्हा माय सुपात तूर पाखडत बसली होती. वाटेभर मी ठरवत आलो होतो की हे तिला सांगायचं नाही. तिला तो माणूस उजव्या हाताचा वाटतो, वाटू द्यावा. म्हातारपणी कशाला तिचा विश्वास मोडायचा? पण माझ्या पोटात काही राहत नाही. जेवता जेवता सगळं सांगून टाकलं. साहेब, काळा पत्थर, दोन भोकं, सगळं. आता माय रडेल किंवा शिव्या देईल म्हणून मी घास तसाच हातात धरून बसलो.

ती हसायला लागली. "मला काय सांगतो? तार कोण धरली व्हती?"

"म्हणजे?"

"साहेब सरपंचाला माझ्या डोक्यावरूनच सांगत व्हता. 'यहाँ काला पत्थर है, पानी नहीं लगेगा.' त्याला वाटलं ह्या बायांना हिंदी कुठं कळतंय. आरं, आमी निजामाच्या राज्यात जल्मलो. पोलीस हिंदीत शिव्या द्यायचा, त्या कळत व्हत्या न्हवं?"

"मग तरीही तिथंच बोअर मागितलं? कोरडं गेलं असतं तर?"

"कोरडं कसं जाईल? ते पेव तुझ्या आज्यानं का बुजवलं? दरसाली खालून ओल यायची, ज्वारी सडायची. साहेबाच्या पेटीला पेव ठाऊक नव्हतं." तिनं सूप झटकलं. "देवळामागं मागितलं असतं तर आपल्याला कोनी देलं असतं का? त्याला जिथं पाणी न्हाई वाटत व्हतं, तिथलीच शपथ तो दिलखुलास देनार व्हता. फकस्त काहीतरी निमित्त पाहिजे व्हतं. बोकड आला बरा."

"आणि पाणी? तो प्यायला?"

"चूळ भरली अन् आमच्या पुढ्यात थुकला. आमी पाह्यलं. कोनी काही बोललं न्हाई. शब्द पक्का झाला व्हता, मंग तोंड कशाला वाजवायचं? त्याची बायको चार महिने तेच पाणी भरून नेत व्हती. ते काय रोज थुकत असंल?"

मी घास खाली ठेवला. आता एकच गोष्ट उरली होती आणि ती विचारायला मला लाज वाटत होती. "माय, मग ते डाव्या हाताचं? मी धोतरावर करून दाखवलं, तुम्ही माना डोलवल्या..."

मायनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या तोंडावरचं हसू गेलं.

"जल्मभर मागून बघितलं आमी. पडद्यामागं उजव्याचं डावं दिसतं एवढं आमाला कळत न्हाई? तू डाव्या हातानं जेवाया बसला, तवा मी काय उगाच मारलं व्हतं? सिनेमाचं पाहून कराया लागला म्हनून मारलं." मग हळू आवाजात तिनं विचारलं, "आमी अडाणी हाव, हे तुला कवापासून वाटाया लागलं?"

मला अगदी नेमकं माहीत होतं. वार आठवत होता, खुर्चीच्या लोखंडी हाताचा गारवा आठवत होता, पाठीवर पडलेली थाप आठवत होती. ती उत्तराची वाट बघत होती. मी तांब्या घेतला आणि पंपाचं पाणी गटागटा पीत राहिलो, तांब्या रिकामा होईपर्यंत.